नातू क्युबाला निघालाय आणि आजीने अबोला धरलाय

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. मी सांगलीची, लेकीच्या बाळंतपणासाठी पाच महिने झाले मायामीत आहे. जावई क्युबन. म्हणजे त्याचा जन्म इथलाच, त्याच्या आईचाही इथलाच, पण कुणी विचारलं की दोघंही "आम्ही क्युबन" असंच सांगतात. जावयाची आजी, म्हणजे आमच्या विहीणबाईंची आई, त्यांना सगळे अबुएला म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते. वय ७७. रोज सकाळी पणतीला बघायला येतात आणि आल्या की आधी कॉफी करतात. ती बघण्यासारखी असते. छोटी ॲल्युमिनियमची किटली गॅसवर चढवायची, पहिले चार थेंब वर आले की ते वाटीतल्या साखरेत टाकायचे आणि चमच्याने घोटत बसायचं, साखर पांढरट होऊन फुगेपर्यंत, मग उरलेली कॉफी वरून ओतायची की फेस तरंगतो. त्याला एस्पुमिता म्हणतात. आपण लहानपणी कपात साखर आणि कॉफी पावडर घोटत बसायचो ना, हात दुखेपर्यंत, अगदी तस्संच. मी पहिल्या दिवशी ते बघितलं आणि आमची गट्टीच जमली.

तर झालं असं की जावयाने क्युबाचं तिकीट काढलं. त्याचं म्हणणं, मुलगी झालीये, उद्या ती विचारेल आपण कुठले, तेव्हा मला डोळ्यांनी बघितलेलं सांगायचंय, नुसतं ऐकलेलं नाही. अबुएलांचं गाव सिएनफ्वेगोस, दक्षिण किनाऱ्यावर, तिथे त्यांचं घर होतं, ते त्याला बघायचंय. अबुएलांनी ऐकलं, हातातला कप बेसिनमध्ये ठेवला, पर्स उचलली आणि गेल्या. आज नऊ दिवस झाले, आल्या नाहीत. फोन विहीणबाई उचलतात. लेक रडकुंडीला आलीये, जावई म्हणतो मी जाणारच. मला दोघांचंही पटतं आणि म्हणून काही सुचत नाही. इथे कुणाला क्युबन लोकांचा अनुभव आहे का?

रवी_के :
ताई, राग मानू नका पण क्युबा सोडून साठ वर्षांवर होऊन गेली, आजींनी आता सोडून द्यायला हवं. आपण सगळेच घर सोडून आलोय ना इकडे. नातू फिरायला जातोय, जाऊ दे की. शिवाय क्युबाची जी दशा आहे त्याला अमेरिकेची १९६२ पासूनची व्यापारी नाकेबंदी कितपत जबाबदार आहे हेही बघायला पाहिजे, आणि मायामीतले हेच लोक ती उठू देत नाहीत.

कृष्णाकाठ :
रवी, राग नाही. पण "आपण सगळेच घर सोडून आलोय" हेच मी त्यांना एकदा बोलले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तू निघालीस तेव्हा दाराला कुलूप कुणी लावलं? मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, आमच्या दाराला सरकारने लावलं. इमिग्रंट म्हटलेलं त्यांना चालत नाही, एक्सिलियादा म्हणायचं, देश सुटलेली.

त्यांची गोष्ट सांगते, म्हणजे कळेल. १९५९ च्या १ जानेवारीला हुकूमशहा बातिस्ता पळाला आणि कास्त्रोचं राज्य आलं तेव्हा यांच्या घरातसुद्धा आनंदच झाला होता, वडील साखर कारखान्यात हिशेबनीस होते, बातिस्ताचे कुणी लागत नव्हते. पण १९६१ मध्ये मिशनऱ्यांच्या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि गावोगाव कुजबुज सुरू झाली की मुलांवरचा आईबापांचा हक्क, ज्याला ते पात्रिया पोतेस्ताद म्हणतात, तो काढून घेणार, मुलं रशियाला पाठवणार. तसा कायदा शेवटपर्यंत आलाच नाही. पण तेव्हा कुणाला काय माहीत. मायामीत फादर ब्रायन वॉल्श म्हणून होते, त्यांना अमेरिकन सरकारने मुलांना व्हिसाशिवाय आणायची मुभा दिली होती, आणि १९६० च्या डिसेंबरपासून १९६२ च्या ऑक्टोबरपर्यंत १४,००० हून जास्त मुलं एकटी, आईबापांशिवाय, विमानाने आली. पेद्रो पान म्हणतात त्याला. अबुएला त्यातल्या एक. वय १३.

हवानाच्या विमानतळावर काचेची खोली होती, लोक तिला ला पेसेरा म्हणायचे, माशांची काचपेटी. एकदा आत गेलं की बाहेर यायचं नाही, आईवडील काचेच्या पलीकडे. आवाज ऐकू येत नाही. अबुएला सांगतात, आईने काचेला हात लावला होता आणि तो काढल्यावर काचेवर पंज्याचा ठसा उरला, तो विरेपर्यंत मी बघत होते. तिथेच कानातल्या बाळ्या काढून घेतल्या त्यांच्या. महिन्या-दोन महिन्यांत भेटू असं ठरलं होतं. मग १९६२ चं क्षेपणास्त्रांचं संकट आलं, अमेरिका-रशिया युद्ध पेटायच्या बेतात, विमानं बंद. यांची रवानगी आयोवातल्या एका अनाथालयात, आईबाप जिवंत असताना. भाषा येत नाही, बर्फ कधी बघितलेला नाही. तिथलं बरंच काही त्या सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. आईवडील भेटले थेट १९६६ मध्ये. तेव्हा आई स्टेशनवर शेजारच्याच मुलीकडे बघून हसत राहिली, कारण आपली मुलगी तिला ओळखू आली नाही.

आता सांगा, यांना "सोडून द्या" कसं म्हणायचं?

टॅम्पाकर :
कृष्णाकाठ ताई, वाचून घशात आवंढा आला. मी टॅम्पात पंचवीस वर्षं आहे. १९६६ म्हणजे ते फ्रीडम फ्लाइट्सने आले असणार, वारादेरो ते मायामी रोज दोन विमानं, १९६५ च्या डिसेंबरपासून १९७३ पर्यंत चालली, तीन लाखांच्या आसपास माणसं आली आणि ज्यांची मुलं आधी एकटी आली होती त्या आईबापांना पहिला नंबर होता. बाहेर जायचा अर्ज केला की नोकरी जायची, घरातल्या सामानाची यादी व्हायची आणि निघताना ती यादी ताडून बघायचे.

क्युबा आणि फ्लोरिडाचं नातं मात्र कास्त्रोच्या फार आधीचं आहे हो. आमच्या इथे ईबोर सिटी म्हणून भाग आहे, १८८५ च्या सुमाराला चिरुटाच्या कारखान्यांसाठी वसवलेला. कामगार पानं वळत बसायचे आणि उंच चौथऱ्यावर बसून एक माणूस त्यांना वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचून दाखवायचा, त्याचा पगार कामगार वर्गणी काढून द्यायचे. स्पेनच्या विरोधात स्वातंत्र्ययुद्ध उभं करायला क्युबाचा पुढारी होसे मार्ती याच कामगारांकडे आला होता. तिथे एक छोटंसं बाग आहे त्याच्या नावाचं, ती जागा कागदोपत्री क्युबाच्या मालकीची आहे, १९५६ मध्ये दिलेली. आत क्युबाच्या सहाही जुन्या प्रांतांची माती आणून घातलीये. मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिथे चप्पल काढून उभे राहिलेले बघितलंय. आपल्याकडे देवळात काढतात तसे. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं ते.

अनघा_जर्सी :
मी जरा वेगळी बाजू मांडते. न्यू जर्सीत युनियन सिटीला राहते, हडसनवरचं हवाना म्हणतात या गावाला, मायामीनंतर इथेच सगळ्यात जास्त क्युबन होते एकेकाळी. माझा ऑफिसातला सहकारी १९८० साली मारिएल बंदरातून आला, नऊ वर्षांचा होता. त्या वर्षी हवानातल्या पेरूच्या वकिलातीत १०,००० वर माणसं घुसली आश्रयाला, मग कास्त्रोने बंदर उघडलं आणि एप्रिल ते ऑक्टोबर सव्वा लाख माणसं बोटींनी आली. जे जायला निघाले त्यांच्या घरांसमोर जमाव आणून शिव्या घालायचे, अंडी मारायचे, याच्या घरावर सुद्धा मारली. रेशनवर अंडी मोजून मिळायची तेव्हा! तो म्हणतो, भिंतीवरून ओघळणारं पिवळं बघून आजी म्हणाली होती, केवढा फ्लान, म्हणजे अंड्याचं पुडिंग, झाला असता.

पण सांगायचं ते पुढे आहे. त्या बोटींत तुरुंगातली काही माणसं मुद्दाम बसवली होती, त्यामुळे सगळ्यांवरच शिक्का बसला, आणि आधी आलेल्या क्युबन लोकांनीसुद्धा यांना जवळ केलं नाही. हा रंगाने सावळा, पणजी ऊसमळ्यातली गुलाम. आधीच्या लोकांच्या डोळ्यातला क्युबा हा गोऱ्या मध्यमवर्गाचा क्युबा आहे, पियानो, बीच क्लब, पांढरे बूट. त्या क्लबात याच्या आजोबांना सभासद म्हणून कधीच घेतलं नसतं, ते तिथे भांडी घासायचे. तेव्हा "हरवलेलं गाव" म्हणताना कुणाचं गाव, कुठल्या सालातलं, हेही बघितलं पाहिजे असं मला वाटतं. अबुएलांचं दुःख खरंच आहे, त्याला धक्का लावायचा नाहीये मला. पण तुमचा जावई स्वतः जाऊन बघतोय हे फार चांगलं करतोय, कारण आजीच्या आठवणीत नसलेली माणसंही तिथे आहेत.

कृष्णाकाठ :
अनघा, तुम्ही म्हणता ते मी विहीणबाईंना बोलून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या क्युबातल्या घरी एक कामवाली होती, आईने तिचं नाव शंभरदा घेतलं असेल, आडनाव एकदाही नाही.

उल्हास_कँप५ :
माझे आजोबा सिंधमधल्या शिकारपूरचे, १९४७ ला आले, कल्याणच्या लष्करी कँपात राहिले, तेच पुढे उल्हासनगर झालं. मी सिंधी आहे पण शिकलो मराठी शाळेत. आजोबांनी शेवटपर्यंत घराचा पत्ता शिकारपूरचाच सांगितला. डॉक्टरने विचारला तरी तोच. आम्ही हसायचो, आता वाईट वाटतं. एक फरक मात्र आहे, आमचं गाव गेलं तसं तिथे आमचं कुणी उरलंच नाही. क्युबन लोकांचं अर्धं घर अजून तिकडे आहे. बहीण इकडे, भाऊ तिकडे. तो त्रास वेगळाच असणार. जावयाला जाऊ द्या ताई. आम्हाला व्हिसाच मिळत नाही.

सामान_२३किलो :
मी मायामीजवळच्या हायलियात राहतो, आजूबाजूला सगळे क्युबन, त्यामुळे व्यवहाराचं बोलतो. जावई अमेरिकेत जन्मला असेल तर अमेरिकन पासपोर्टवर जाईल, त्याला अडचण नाही. क्युबात जन्मून १९७१ नंतर बाहेर पडलेल्यांना मात्र क्युबन पासपोर्ट काढूनच जावं लागतं, म्हणजे ज्या सरकारपासून पळाले त्यालाच फी भरून. माझ्या शेजाऱ्याला त्यात इतका मनस्ताप झाला, आई वारली तेव्हा कागद वेळेत आले नाहीत, इथेच बसून टीव्हीसमोर रडला बिचारा.

सामान काय न्यायचं ते लिहून घ्या. ताप-दुखीच्या गोळ्या, अँटिबायोटिक मलम, वाचायचे चष्मे, साबण, कॉफी, दुधाची पावडर, चार्जिंगचे दिवे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अख्ख्या देशाची वीज गेली होती आणि त्यानंतरही काही सुरळीत नाही. रेशनच्या कॉफीत भाजलेले वाटाणे दळून घालतात, त्यामुळे चांगल्या कॉफीचं पाकीट म्हणजे सोनं. इथे नुसती क्युबाला पाठवायच्या सामानाची दुकानं आहेत ओळीने. कापडी लांबुळकी बॅग मिळते, तिला गुसानो म्हणतात, म्हणजे अळी. देश सोडून गेलेल्यांना कास्त्रो हीच शिवी द्यायचा, गुसानो. १९७९ मध्ये पहिल्यांदा त्यांना भेटीला यायची परवानगी मिळाली आणि एका वर्षात लाखभर लोक असल्या बॅगा भरून आले, तेव्हा तिकडचे लोक म्हणायला लागले की अळ्यांची फुलपाखरं झाली.

रवी_के :
ताई, माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता. काचेवरच्या हाताचं वाचल्यावर मी आईला फोन केला, दुसरं काही सुचलं नाही. नाकेबंदीबद्दलचं मत तेच आहे, पण ते अबुएलांच्या समोर ठेवायची गोष्ट नव्हती.

कृष्णाकाठ :
रवी, त्यांच्या घरातच त्यावर दोन पक्ष आहेत, जावई तुमच्या बाजूचा. अबुएला म्हणतात, तिकडे पाठवलेला प्रत्येक डॉलर शेवटी सरकारच्या खिशात जातो. इतक्या वर्षांत त्यांनी एक पैसा पाठवलेला नाही. चुलतभावाची पत्रं आली, उत्तर दिलं, पैसे नाही दिले.

कालची गोष्ट सांगते. अकरावा दिवस. मी न राहवून स्वतःच त्यांच्याकडे गेले, लेकीने गाडीने सोडलं. एकादशी होती म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी नेली होती. त्यांनी विचारलं हे कसले मोती, मी फोनवर त्या कंदाचं चित्र दाखवलं, तर टाळीच वाजवली त्यांनी, अगं ही तर युका! नाताळच्या आदल्या रात्री, नोचेबुएनाला, डुक्कर भाजतात आणि सोबत हीच युका, वरून लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसाची फोडणी. दोन घास खाल्ले आणि मग बोलायला लागल्या.

म्हणाल्या, नोचेबुएनाला माझे वडील ग्लास उचलून म्हणायचे, पुढच्या वर्षी क्युबात. मायामीत आल्यावर हॉटेलात ताटं धुतली त्यांनी, हिशेबनीस माणूस. पहिली काही वर्षं आईने नवी भांडीसुद्धा घेतली नाहीत, परत जायचंय तर कशाला. सतरा नोचेबुएना त्यांनी ते म्हटलं. अठराव्याला ग्लास उचलला आणि नुसतेच प्यायले. काही बोलले नाहीत. त्या वर्षी मला कळलं की आपण आता इथलेच. ते गेले तेव्हा त्यांना इथल्या काइये ओचो रस्त्यावरच्या स्मशानभूमीत पुरलं, क्युबाचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष, माचादो आणि प्रीओ, तेही तिथेच आहेत, परत जायची वाट बघत. वडिलांनी ती राजवट असेपर्यंत पाय ठेवणार नाही असं म्हटलं होतं आणि पाळलं. मी त्यांच्यासाठी पाळते. आता नातू गेला तर मी त्यांना काय सांगू?

मला काही बोलता आलं नाही. मग त्याच म्हणाल्या, चल, एर्मितेला जाऊ. समुद्रकाठी देऊळ आहे कारिदादच्या देवीचं, क्युबाची कुलस्वामिनीच म्हणा. तिची मूर्ती १९६१ मध्ये क्युबातून गुपचूप बाहेर काढून ८ सप्टेंबरला, तिच्या सणाच्याच दिवशी, इथे आणली होती. वेदीच्या खाली क्युबाची माती आहे. देवळाच्या मागे समुद्र. बायका धक्क्यावर सूर्यफुलं ठेवतात. अबुएला कठड्याला धरून उभ्या राहिल्या, बराच वेळ. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला ‘की वेस्ट’ बेट आहे, तिथून क्युबा ९० मैलांवर, जेमतेम १४५ किलोमीटर. सांगलीहून सोलापूर याहून लांब आहे.

अनघा_जर्सी :
ताई, पुढे काय झालं ते नक्की लिहा. मी रोज हा धागा उघडून बघतेय.

कृष्णाकाठ :
तीन आठवड्यांनी लिहितेय, बाळाला सर्दी झाली होती त्यामुळे जमलं नाही.

जावई निघायच्या आदल्या दिवशी सकाळी अबुएला आल्या. न बोलता कॉफी केली, फेस घोटला. मग त्याच्यासमोर वहीचा एक कागद ठेवला, त्यावर घराचा नकाशा. मधलं अंगण, बाजूने व्हरांडा, न्हाणीघर. आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक फुली. म्हणाल्या, तिथली एक फरशी उलटी बसलेली आहे. आपल्या जुन्या वाड्यांत असायच्या ना वेलबुट्टीच्या सिमेंटच्या फरशा, तशा. चारांचं मिळून एक फूल होतं, त्या एका कोपऱ्यात गवंड्याने एक फिरवून बसवली म्हणून फूल तुटलंय, आणि मी लहान होते तेव्हा त्या फुलाला माझं म्हणायचे म्हणून वडिलांनी ती बदलू दिली नाही. बाकी मला काही सांगू नकोस. फोटो दाखवू नकोस. ती आहे की नाही तेवढं बघ.

तो गेला. हवानाहून सिएनफ्वेगोस साधारण अडीचशे किलोमीटर. घर सापडलं, घरात आता तीन कुटुंबं राहतात, मधल्या दिवाणखान्यात प्लायवूडची भिंत घातलीये. पुढच्या खोलीत साठीची एक बाई, तिने आधी दार अर्धंच उघडलं. तिला वाटलं हा घर मागायला आलाय. बरेच जण त्या भीतीत असतात म्हणे, मायामीहून कुणी आलं की. त्याने सांगितलं मला काही नको, फक्त फरशी बघायचीये. तिने त्याच्याकडे बघितलं, कोपऱ्यातलं कपड्यांचं टोपलं पायाने सरकवलं आणि म्हणाली, ही? ही आम्हीसुद्धा बदलली नाही, माझ्या मुलांनी हिच्यावरच उभं राहून लपाछपीचं राज्य घेतलं. मग तिने कॉफी केली, वाटाण्याची, आणि फेसही घोटला. करताना दोनदा थांबली, दमा आहे तिला, पंप मिळत नाही.

परत आल्यावर त्याने अबुएलांना एवढंच सांगितलं, आहे. त्या म्हणाल्या, बरं. मग अर्ध्या तासाने, पणतीला मांडीवर थोपटता थोपटता, म्हणाल्या, फोटो काढलास का? त्याने फोन दिला. त्यात फरशी आणि तिच्या कडेला त्याचा बूट. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, परत लहान केला, परत मोठा केला. मग विचारलं, ही दुसरी चप्पल कुणाची? तो म्हणाला, तिथे राहते त्या बाईची. त्यांनी नाव विचारलं. त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, आडनाव?

आज सकाळी आल्या तर हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. दम्याचे चार पंप, दोन पाकिटं कॉफी आणि वाचायचे चष्मे, वेगवेगळ्या नंबरांचे तीन, कारण तिचा नंबर माहीत नाही. जावयाचा मित्र पुढच्या महिन्यात जातोय त्याच्याबरोबर द्यायचंय. आता आम्ही दोघी बाळाच्या वजनकाट्यावर पिशवी ठेवून बघतोय, दोन किलो झालंय, अजून काय बसेल ते सुचवा. सामान_२३किलो, तुम्ही चार्जिंगचा दिवा म्हणाला होतात, तो कुठला घ्यायचा?